छपरावरची खांदी

शिगमा सरला आणि मागच्या फणसाची खांदी छपराला टेकली. दोन पावसाळे ती हळूहळू खाली येत होती. आता वारा सुटला की कौलांवर घासायची आणि आत बसलेल्याला वाटायचं, वर कोणीतरी पाय ओढत चालतंय. पाळी गावच्या त्या वाड्यावर दुपारी खाणीचे सुरुंग ऐकू येत. एका दुपारी सुरुंग उडाले, जमीन हलली आणि रांधपाघरावरची कौलं सुटून आली. सुमंगला चुलीपुढे बसली होती. एक कौल तिच्या खांद्याला चाटून भाताच्या तपेल्यात पडलं.

"ऐकलात?" तिनं खांदा दाबत बाहेर हाक दिली.

"ऐकलंय," यशवंत म्हणाला. तो पडवीत बसला होता. उठला नाही. उठायचं म्हणजे आधी दोन्ही काठ्या शोधायच्या, मग भिंतीला पाठ लावून वर सरकायचं.

यशवंतला गावात अजून पाडेलीच म्हणत. पंचवीसेक वर्षं त्यानं भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे, माड चढून नारळ पाडले होते. सहा वर्षांमागं एका ओल्या माडावरून तो खाली आला आणि त्याची कंबर बसली. तेव्हापासून घराभोवतीच्या झाडाझुडपांवर कोयता चालला नव्हता. करवंदीची जाळी जनेलाच्या गजांतून आत हात घालत होती. घाणेरी न्हाणीच्या दारापर्यंत आली होती. सुमंगला सवड मिळेल तशी विळ्यानं छाटायची, पण फणस तिच्या हातचा नव्हता. आणि तो त्यांचाही नव्हता. घर त्यांचं, पण घरामागची जमीन आणि तिच्यावरची झाडं भाटकाराची.

यंदा थांबणं शक्य नव्हतं. मुलगी भाग्यलक्ष्मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती निजायची ती खोली रांधपाघराला लागून, बरोबर त्या खांदीखाली.

सुमंगला भाटकाराकडे गेली ती मागच्या दारानं. भांडी घासायच्या दगडापाशी उभी राहिली. विनायक भाटकार मागच्या सोप्यावर पेपर वाचत होते. त्यांचा चहा झाला, पान झालं, मग त्यांनी मान वळवली.

"काय गो?"

तिनं सांगितलं.

"कापूक होयी तर काप. पण छपरावर इलेली तेवढीच. बुंध्याक हात लावचो नाय. त्या फणसाची माका दारां करूची आसत."

"आणि कापलेला लाकूड?"

"मुकादम येवन व्हरतलो. बारीकसारीक तू जळणाक ठेव."

ती घुटमळली. "तुमचो कोण गडी मिळात? आमच्या घरातलो माणूस काय चढूक शकना."

भाटकारांनी पेपर पुन्हा उचलला. "घटक राज्य झाल्यापासून तुमकां कायदे बरे कळतत. घर आमचां म्हणान कागद करून घेतलात. मगे छप्पर पण तुमचांच. माणूस तुमीच बघा."

परतताना ती कुळागरातल्या, भाटकाराच्या सुपारीच्या बागेतल्या, पायवाटेनं आली. पोफळीखाली गारवा होता, पाटाचं पाणी झुळझुळत होतं. तिथून वर पाहिलं की फणस दिसायचा: खाणीच्या धुळीनं तांबडा झालेला, एक अंग कुळागराकडे, दुसरं घराकडे. घराकडे दोन मोठ्या खांद्या होत्या. एक छपराला टेकलेली, दुसरी तिच्याहून वर, मागच्या पडवीवर आडवी झालेली.

माणूस मिळेना. गावातले पाडेली फणसाला हात लावायला तयार नव्हते. माड वेगळा, फणस वेगळा, म्हणायचे. शेवटी हमरस्त्याकडेला एका ट्रकवाल्याचा बंगला बांधत होते, तिथं सुमंगलाला धोंडिबा सापडला. गडहिंग्लजकडचा. तो आणि त्याची बायको सोनाबाई, दोघं त्या बांधकामावर होती, तिथंच पत्र्याच्या शेडमध्ये राहात. धोंडिबा काळा, आखूड मानेचा, खांद्यांनी रुंद.

"गावाकडं आंबं पाडल्यात म्या, वैनी," तो म्हणाला. "फणस न्हाई पाडला. पर झाड ते झाड."

"पाडूचा नाय. एकच खांदी."

"मग काय, सुटीच्या दिशी येतो. ही बी यील दोर धरायला."

मजुरी ठरली, वर दोघांचं जेवण.

आदल्या दिवशी दोरावरून बोलणं झालं. सुमंगलाला डिचोलीच्या बाजारातून नायलॉनचा नवा दोर आणायचा होता. यशवंतनं माळ्यावरून आपला जुना दोर काढून घ्यायला लावला. मनगटाएवढा काथ्याचा दोर. त्यावरून त्यानं नारळांचे घड खाली सोडले होते. चुलीच्या धुरात राहून तो काळा, चिवट दिसत होता.

"धुरातलो दोर कुजना नाय," यशवंत म्हणाला. मांडीवर घेऊन तो हातहातभर तपासत राहिला. "नायलॉन हातातसून निसटता. ह्याच्यार मी दोन माणसां टांगलेली आसंय."

"तेका सहा वर्सां झाली."

"दोर माझो, माका कळता."

तिनं वाद घातला नाही. किती तरी दिवसांनी तो काही हातात घेऊन बसला होता.

धोंडिबा सकाळीच आला. हातापायांना खोबरेल चोळलं, फणसाचा चीक चिकटू नये म्हणून. कमरेला कोयता, पाठीवर कुऱ्हाड. चढताना हुमले, झाडावरच्या लाल मुंग्या, त्याच्या मानेला डसले. तो एका हातानं त्यांना चिरडत, शिव्या देत वर गेला आणि बेचक्यात पाय रोवून उभा राहिला. यशवंत खाली दगडावर बसून सांगत होता.

"आदी टोकाकडची पाना काढ! वजन हलका कर!"

"काढतो वं दादा."

दुपारपर्यंत पानं, कोवळे फणस, डहाळ्या खाली पडत राहिल्या. अंगणभर चिकाचा आंबूस वास सुटला. भाग्यलक्ष्मी एक हात पोटावर ठेवून डहाळ्या ओढायला आली, तर सुमंगलानं तिला पुढच्या अंगणात पिटाळलं. जेवताना धोंडिबा म्हणाला, "आता उघडी खांदी ऱ्हायली. तुकडं तुकडं करून उतरवू का? पर मग आज हुणार न्हाई. फुडल्या सुटीला यावं लागंल."

यशवंतनं आभाळाकडे पाहिलं. सह्याद्रीकडे ढग जमले होते, नुसतेच, वळवाचे. "एकदाच उतरूया. दोरान. वरच्या खांदीवरसून दोर घेवचो, खाली माडाक येढो देवचो, आणि सावकाश सोडीत ऱ्हवचा. छपराक लागाची पण नाय."

"जमंल?"

"मी सांगतंय मा."

तसंच केलं. दोर वरच्या खांदीवरून फिरवून खालच्या खांदीला बांधला, दुसरं टोक अंगणातल्या माडाला वेढा घालून सुमंगला आणि सोनाबाई धरून उभ्या राहिल्या. वरून कुऱ्हाडीचे घाव ऐकू येऊ लागले. पांढरी, मग पिवळी लाकडाची ढलपी खाली उडत होती. खांदी कुरकुरली.

"धरा!" यशवंत ओरडला.

खांदी तुटली आणि दोर ताणला. माडाच्या सालीचा भुगा उडाला. तळवे भाजले, तरी दोघींनी सोडलं नाही. खांदी छपरापासून वर अधांतरी उचलली गेली, हेलकावली. यशवंत हसला. सुमंगलानं ते पाहिलं, आणि त्याच वेळी दोर वर मध्यावर तुटला.

दोघी मागं उताण्या पडल्या. खांदीचं टोक छपरावर आदळलं, आणि तिचा जाड बुंध्याकडचा भाग उसळून वर आला तो धोंडिबाच्या छातीवर. तो ओरडलासुद्धा नाही. बांधाच्या चिऱ्यांवर पाठीनं पडला. कौलं, वासे, धूळ हे सगळं त्यानंतर कोसळलं.

सोनाबाई उठून धावली. "धनी, उठा. उठा की वं," ती म्हणत होती.

"हलव नको तेका!" यशवंत दगडावरून ओरडला. "सोनाबाय, हलव नको!" आणि काठ्या हाताला न लागल्यामुळे तो हातांवर रांगत निघाला.

वाड्यावरच्या माणसांनी दार उचकटून त्याच्यावर धोंडिबाला घेतलं. खाणीचा एक रिकामा ट्रक थांबवला. डिचोलीहून पुढं पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तो जगला. पाठीचा मणका तुटला होता. कमरेखाली काही हलत नव्हतं, काही कळत नव्हतं.

तो इस्पितळात असतानाच मुकादम टेम्पो घेऊन आला. सोबत दोन गडी. मोडक्या रांधपाघरातून खांदी बाहेर ओढली, करवतीनं तीन तुकडे केले. लाकडाचा सोनेरी गाभा बघून मुकादम म्हणाला, "बरा लाकूड." सुमंगला चुलीवरची धूळ झाडत होती. ती वाट बघत होती की तो काही विचारेल. त्यानं विचारलं, "ह्याच्यातलो बुंध्याकडचो तुकडो कमी कसो?"

"तुटलो तो थंय, बांधाखाली," ती म्हणाली. "रगत लागलेलो."

मुकादमानं तोही उचलायला लावला.

रांधपाघर माडाच्या चुडतांनी शाकारलं. जेठ लागला तेव्हा सोनाबाई एकटी चालत आली आणि अंगणात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

"अक्का, ठेकेदारानं शेडात दुसरी मानसं घातली. आमचं बोचकं भाईर काढून ठेवलंय. हास्पिटलवाली आता न्या म्हंत्यात. गावाकडं भावकी हाय, पर पावसात त्याला न्हेऊ कसा? घाटात गाडी हादरली तर मरंल." ती थांबली. "एक पडवी द्या. पाऊस सरला की जातो."

सुमंगलानं मागं दाराकडे पाहिलं. आत यशवंत जागा होता हे तिला ठाऊक होतं. मग ती म्हणाली, "मागली पडवी आसा. ओल येता, पण आसा."

सोनाबाई गेल्यावर यशवंत बोलला. "ह्या घरात एक मोडलेलो पुरे नाय?"

"तो काय हौसेन नाय चढलेलो."

"लोक काय म्हणतले?"

"लोकांनी चढवलो तेका वर? मगे म्हणूंदेत."

धोंडिबाला आणलं तेव्हा रुंद खांदे तसेच होते आणि खाली चादर सपाट होती. त्यानं छपराकडे पाहिलं, मग मागच्या झाडाकडे. फणस उभाच होता. जिथून खांदी तुटली तिथं मोठी चीर पडली होती आणि तिच्यातून चीक गळून काळा झाला होता. वरची दुसरी खांदी बरोबर पडवीच्या डोक्यावर होती.

भाग्यलक्ष्मीची सासू पेडण्याहून आली. चहाचा कोप हातात घेतला, प्यायली नाही. मागच्या पडवीतून वास येत होता. सोनाबाई तेव्हा चादरी बदलत होती.

"व्हीणबाय," सासू म्हणाली, "आमका तुमची काळजी आसा. पण पयलो जीव. घरात परको पुरुस असो लोळोगोळो होवन पडलेलो, झाडान रगत घेतलेला. हय बाळंतपण नको. मी तिका घरी व्हरतंय."

"आठवो लागलो, बसीन इतक्या लांब?"

"रिक्षा केलंय."

भाग्यलक्ष्मी आईकडे बघत राहिली. सुमंगलानं तिचे कपडे भरून दिले. बाळंतिणीसाठी करून ठेवलेले डिंकाचे लाडू डब्यासकट रिक्षात ठेवले. रिक्षा वळणावर गेली तेव्हा तिनं अंगणातल्या डहाळ्या उचलायला घेतल्या. त्या वाळून कोळ झाल्या होत्या.

मृग बरसला आणि दिवस चिखलाचे झाले. सोनाबाई सुमंगलासोबत लावणीला जाऊ लागली. बांधकामावर वाळू उपसलेले हात, पण रोप कसं धरायचं ते चटकन शिकली. दोघी इरली पांघरून वाकायच्या, संध्याकाळी कंबर धरत परतायच्या. त्या गेल्या की घरात दोघं पुरुष. एक पुढच्या पडवीत, एक मागच्या. दिवसभर एकमेकांना खोकताना ऐकत.

एके सकाळी सोनाबाई धोंडिबाला कुशीवर वळवत होती. काखेत हात घालून ओढत होती आणि त्याचं अंग गोणपाटावर घासत होतं. माकडहाडाजवळ जखम झाली होती, नाण्याएवढी, कडा काळ्या. यशवंत दारात येऊन उभा राहिला.

"तसा नको ओढू," तो म्हणाला.

सोनाबाईनं वर पाहिलं नाही.

"चामडी जाता तेची. आदी पलीकडचो गुडघो दुमड. मगे कंबरेक आणि खांद्याक एकदम धर. सरक."

तो भिंतीला धरून खाली बसला. त्याला बसायला बराच वेळ लागला. मग धोंडिबाचा गुडघा त्यानं आपल्या हातानं दुमडला आणि एका दमात त्याला वळवलं. यशवंत स्वतः एक अख्खं वर्ष असा पडून होता. कुठं दुखतं, कुठं कुजतं, कुठली लाज आधी जाते आणि कुठली जातच नाही, हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

"केळीचां पान हाड," त्यानं सोनाबाईला सांगितलं. "कवळां. तेका तेल लाव आणि पाठीखाली घाल. गोणपाट काढ."

त्या दिवसापासून ते काम त्याचं झालं. सकाळ-दुपार तो सरकत सरकत मागच्या पडवीत जायचा. जखम धुवायचा, पान बदलायचा, दाढी करून द्यायचा. धोंडिबा तेवढा वेळ डोळे मिटून घ्यायचा.

एकदा यशवंत कोमट पाणी ओतत असताना तो म्हणाला, "दादा, दोर तुमचा हुता."

"माझो."

"वैनी नवा आणा म्हनत हुत्या."

"म्हणत होती."

"आनि म्या म्हनलं, तुकड्यांनी काढू."

"होय."

धोंडिबानं तोंड भिंतीकडे केलं. यशवंतनं तांब्या पुन्हा भरला. त्यानं पाणी जखमेवर ओतलं, हळूहळू, पू निघून जाईपर्यंत.

आषाढात वारा फिरला. रात्रंदिवस पश्चिमेकडून झोड यायची. फणसाच्या चिरेत पाणी भरलं. झाड हललं की चीर उघडायची, मिटायची, आणि आतून किटकिट आवाज यायचा. एका पहाटे वरच्या खांदीवरून एक मोठा डहाळा सुटून पडवीचा वासा फोडून आत आला. धोंडिबाच्या डोक्याजवळ पडला. त्याला सरकताही आलं नाही. पावसाचं पाणी तोंडावर पडत होतं आणि तो सोनाबाईला हाका मारत होता.

सुमंगला तशीच भिजत भाटकाराकडे गेली. भाटकार देवपूजेत होते. मुकादमच बाहेर आला.

"आता पावसात कोण चढतलो?" तो म्हणाला. "गणपतीची चवथ जावंदे, मगे बघू."

"चवथीपर्यंत खांदी ऱ्हवची नाय."

"मगे त्या माणसाक आत घे."

"आतलां छप्पर तुमच्या पयल्या खांदीन मोडलेलां आसा."

"आमची खांदी?" मुकादम म्हणाला. "कापली कोणी?"

ती परतली. सगळ्यांना भाताची पेज वाढली. मग धोंडिबाच्या पुढ्यात बसून विचारलं, "वर चढल्याबगर ती खांदी जातली?"

"न्हाई."

"आणि सगळां झाड? खालसून?"

धोंडिबानं मान वळवून फणसाकडे पाहिलं. इतक्या आठवड्यांत तो पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघत होता. "हिकडची खांदी ग्येली, तवा वजन आता बागंकडं हाय. बागंकडं पडंल. खालनं कापलं तर चढायचं काम न्हाई."

"बाग भाटकाराची," यशवंत दारातून म्हणाला. "आणि बुंधो पण. सुमंगला, तो आपणाक हय ऱ्हवाक देवचो नाय."

"घरातसून काढूक शकना नाय तो."

"घर सोडून बाकी सगळां तेच्या हातात आसा. काम, वाट, पाणी."

"आणि हेच्या डोक्यार काय आसा?" तिनं धोंडिबाकडे बोट केलं. "तुमीच सांगा."

यशवंतनं वर फणसाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "विठू मेस्ताकडे दोन मुठींची करवत आसा."

विठू सुतार भाटकाराची दारं करणारा. त्यानं करवत दिली, पण स्वतः यायला नकार दिला. "माका बोलवू नको गो," तो म्हणाला. "माझां पोट थंय भरता. कोणी इचारल्यार, करवत तू न सांगता नेलंस."

सकाळी उघडीप होती. वाड्यावरच्या बायांनी धोंडिबाला गोधडीत घालून पुढच्या अंगणात नेलं. तो जाताजाता सांगत होता: "आधी बागंच्या अंगाला खाच. वीतभर खोल. मग मागल्या अंगानं करवत, खाचंपेक्षा जरा वर. आवाज आला की करवत तितंच सोडायची. काढत बसायची न्हाई. सोने, ऐकलंस का? काढत बसायची न्हाई."

खाच सुमंगलानं घातली. कुऱ्हाड जड होती आणि पहिले घाव नुसतेच सालीवरून घसरले. मग तिला लय सापडली. चीक उडून तोंडाला, केसांना चिकटला. सोनाबाईनं कुऱ्हाड घेतली, मग पुन्हा सुमंगलानं. खाच झाल्यावर दोघी गुडघ्यांवर बसल्या, समोरासमोर, मध्ये बुंधा. करवत सुरू झाली.

एकमेकींची तोंडं दिसत नव्हती. फक्त ओढ कळत होती. एक ओढायची, दुसरी सैल सोडायची. ओल्या लाकडात पातं अडकायचं. यशवंत सरकत जवळ येऊन चिरेत तेल सोडायचा, लाकडाची पाचर ठोकायचा.

"तुमी पलीकडे जावा," सुमंगला धापा टाकत म्हणाली.

"आवाज मी ऐकतंय. तुमकां करवतीत कळाचो नाय."

तळव्यांवरचे जुने व्रण फुटले. मूठ रक्तानं निसरडी झाली, तिनं पदर गुंडाळला. पलीकडून सोनाबाईच्या तोंडून दर ओढीला एक आवाज येत होता, रडणं नव्हतं आणि गाणंही नव्हतं. दुपार झाली. खाणीवर सुरुंग उडाले, पायाखालची माती थरथरली, आणि यशवंतनं हात वर केला.

"सोडा! पळा!"

सुमंगलानं त्याच्या बगलेत हात घातला आणि त्याला ओढलं. दुसऱ्या बाजूनं सोनाबाई आली. तिघं चिखलात पडली. फणस आधी जागच्या जागी वळला, घराकडे बघितल्यासारखा. मग बागेकडे कलला आणि गेला. पोफळी मोडल्याचा आवाज एकामागोमाग एक येत राहिला. पाखरं ओरडत उठली. मग नुसता पाटाचा आवाज.

पुढच्या अंगणातून धोंडिबा ओरडत होता, "सोने! अगं ए सोने! कुठं हाइस?"

"हाय!" ती ओरडली. चिखलात तशीच पडून होती. "हाय वं!"

मुकादम दुसऱ्या सकाळी आला. बांधावर उभा राहून पडलेल्या झाडाकडे, मोडलेल्या पोफळीकडे, तुंबलेल्या पाटाकडे बघत राहिला. पान थुंकला.

"भाटकारांक काय सांगू? वाऱ्यान पडला म्हणान सांगू?" त्याचा आवाज पूर्वीसारखा नव्हता. कदाचित तो वाट देत होता. "सांग कायतरी."

खुंट पांढराशुभ्र, सपाट, त्याच्यावर करवतीच्या रेघा. करवत अजून तिथंच पडली होती.

"पाडला," सुमंगला म्हणाली. "मी पाडलंय. तसांच सांग."

मुकादम गेला. दुपारपर्यंत निरोप आला. भाटकाराच्या शेतावर सुमंगलानं उद्यापासून पाय ठेवायचा नाही. कुळागरातली वाट बंद. झरीचं पाणी हवं तर डोंगराला वळसा घालून जायचं. आणि झाडाचं काय करायचं ते भाटकार कोर्टात बघतील.

"बघूंदेत," यशवंत म्हणाला. आणि त्यानं रिकाम्या कळशा पुढं सरकवल्या.

दोघींनी कळशा घेतल्या आणि वळशाच्या वाटेनं निघाल्या. वाट खाणीच्या मातीनं निसरडी झाली होती. जाताना एकमेकींना धरलं, येताना धरायला हात मोकळे नव्हते. सोनाबाई एकदा घसरली, कळशी अर्धी सांडली. पुन्हा मागं जाऊन भरून आणली.

घरी पोचल्या तेव्हा ऊन पडलं होतं. धोंडिबाला मागच्या पडवीत परत आणून निजवलं होतं. यशवंतनं त्याच्यावरची ओली चादर काढून दांडीवर टाकली होती. जिथं फणस होता तिथं नुसतं आभाळ होतं. ऊन थेट आत आलं होतं, धोंडिबाच्या उघड्या, काडीसारख्या पायांवर. त्यातली शीर न् शीर दिसत होती.

सोनाबाईनं कळशी खाली ठेवली आणि त्याच्या पायथ्याशी बसली. तिनं त्याच्या नडगीवर तळवा ठेवला. कातडी तापली होती.

"ऊन लागतंय का वं?" तिनं विचारलं.

धोंडिबानं मान उचलून आपल्या पायांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"दिसतंय," तो म्हणाला.